स्क्रूने उघडणारी यंत्रे



इतिहास शिकविणारा मनुष्य संगणकाविषयी बोलावयास बसला म्हणजे लोक जरा दचकतात. "सर, तुमचा आणि त्याचा काय संबंध?" असे आमच्या गावात मला दोघातिघांनी विचारलेही. संबंध एवढाच की, माणसाने कोणती हत्यारे वापरली, ती कोणी आणि कशासाठी घडविली, आणि मोडल्यावर ती उघडून पाहण्याची मुभा कोणाला होती, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. तो मला ग्रंथालयात पडला नाही, भूगोल विभागाच्या कपाटासमोर पडला.

या कपाटात चार लॅपटॉप होते. लॅपटॉप म्हटल्यावर हल्लीचे वहीसारखे पातळ यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. ही चारही जाड, करड्या रंगाची, प्रत्येकी तीन किलोंच्या आसपास. चार्जर म्हणजे निव्वळ वीट. कुठल्याशा कंपनीने वापरून सोडलेली आणि जुन्या मालाच्या बाजारातून आमच्याकडे आलेली. त्यांवर मुले पाणलोटाचे आणि पीकपाण्याचे नकाशे करीत. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ या यंत्रांना आपल्या पंक्तीला घेत नाही. तिला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. आमची यंत्रे चौथ्या पिढीची. शिवाय ती तापत, घरघरत आणि सुरू व्हावयास चहा होईपर्यंत वेळ घेत. तेव्हा 'निर्लेखित करावीत' असा शेरा फाइलीवर पडला.

नवी घेण्यास पैसे नव्हते. म्हणजे नकाशाच्या प्रात्यक्षिकासाठी मुलांनी जिल्ह्याच्या गावी जावयाचे. एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो. "मुलगे जातील हो, मुलींना घरचे सोडणार नाहीत," असे आमचे भूगोलाचे सहकारी म्हणाले. मी म्हटले, भंगारात द्यावयाचीच आहेत तर एक आधी उघडून पाहू द्या. बरोबर तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी घेतला. त्याचे वडील पंपाच्या मोटारी भरून देतात, त्यामुळे त्याचा हात स्क्रूड्रायव्हरला सरावलेला. त्याने यंत्र पालथे केले, जरा निरखले आणि म्हणाला, "सर, ह्याचे स्क्रू झाकलेले नाहीत. म्हणजे हे उघडायलाच केलंय."

मला त्या वाक्याने धरले. उघडावयास केले, ते कोणी? आणि माझे स्वतःचे पातळ लॅपटॉप उघडावयास का नाही केलेले?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स, अपोलो, सिलिकॉन ग्राफिक्स अशा कंपन्यांनी 'वर्कस्टेशन' नावाची यंत्रे काढली. हिशेबटिपणासाठी किंवा पत्रे लिहिण्यासाठी ती नव्हती. पुलाचा आराखडा, विमानाचा पंख, भूगर्भातील थरांचे चित्र, असल्या भारी कामाची ती यंत्रे, आणि टेबलावरून न हलणारी. इकडे हलविता येणारे संगणकही त्याच सुमारास आले. १९८१ चा ऑस्बोर्न १ हा त्यातला नावाजलेला. वजन सुमारे ११ किलो आणि पडदा अवघा पाच इंचांचा. त्याला 'पोर्टेबल' म्हणणे म्हणजे जात्याला खेळणे म्हणण्यासारखेच; पण माणसे तो उचलून नेत खरी. या दोन वाटा एकत्र व्हावयास आणखी काळ जावा लागला. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या टॅडपोल कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत सनचा प्रोसेसर वहीच्या आकाराच्या यंत्रात बसविला. किंमत अर्थातच सामान्य माणसाने विचारू नये अशी.

ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७००सी बाजारात आणला. त्याचे रूप रिचर्ड सॅपर या जर्मन आरेखकाने ठरविले होते. जपानी माणसाच्या जेवणाचा काळा डबा त्याच्या डोळ्यांपुढे होता, बाहेरून साधा आणि झाकण उघडल्यावर आतली मांडणी दाखविणारा. डब्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती आयबीएमची दुसरी एक रीत. यंत्र कसे खोलावे, कोणता स्क्रू कोणत्या लांबीचा, कोणत्या भागाचा क्रमांक काय, हे सारे सांगणारी दुरुस्ती-पुस्तिका ते प्रसिद्ध करीत. वाचावयास कोणालाही मोकळी. डेल आणि एचपी यांनीही आपल्या धंदेवाईक यंत्रांच्या अशा पुस्तिका उपलब्ध ठेवल्या. आमच्या विद्यार्थ्याने जी पुस्तिका फोनवर उघडून समोर ठेवली, ती याच परंपरेतली.

आता ही उदारता होती की काय? छे. हिशेब होता. २००१-०२ च्या सुमारास डेलने आपली प्रिसिजन ही वर्कस्टेशनची मालिका लॅपटॉपात आणली, आयबीएमने थिंकपॅड ए३१पी काढला, पाठोपाठ एचपीही आली. ही यंत्रे घेणारे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्या. त्या शेकड्यांनी घेत, बहुधा तीन वर्षांच्या हमीवर. आणि बिघाड झाला तर तंत्रज्ञाने जागेवर येऊन तो काढावयाचा, असा करार असे. इंजिनियरचा दिवस फुकट जाणे कंपनीला परवडत नाही. म्हणून झाकण मोजक्या स्क्रूंवर, बॅटरी कडी सरकवून निघणारी, डिस्क खणासारखी ओढता येणारी. प्रोसेसर सॉकेटात बसविलेला, मेमरीच्या पट्ट्यांना चार खाचा. २००४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'एमएक्सएम' नावाचे एक माप ठरविले. चित्रे काढणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हा तळहाताएवढा वेगळा तुकडा करून मुख्य पाटीच्या खाचेत बसवावा, अशी ती योजना. सगळ्यांनी ती सारखी पाळली नाही. थिंकपॅडच्या डब्ल्यू ५२० सारख्या यंत्रात प्रोसेसर सुटा पण ग्राफिक्स डाखलेले असे. पण डेलचा प्रिसिजन एम ४८००, एचपीचे एलिटबुक ८५७०डब्ल्यू आणि ८७७०डब्ल्यू यांत दोन्ही सुटे.

थोडक्यात, कंपनीच्या तंत्रज्ञाची सोय म्हणून जे दार ठेवले गेले, त्याच दारातून दहाबारा वर्षांनी आमचा मोटारवाल्याचा मुलगा आत शिरला. असे दाराचे उपयोग बदलल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ.

इथे एक मौजेची गोष्ट सांगून टाकतो. मुलांना ती फार आवडते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हेच थिंकपॅड ए३१पी पुष्कळ वर्षे कामाला होते. नंतर टी६१पी आले, त्यानंतर एचपीची झेडबुक १५. सगळी वर्कस्टेशन जातीचीच. तिथे एक अडचण असते. आपल्याकडे गरम हवा आपोआप वर जाते. तिथे वर आणि खाली हेच नसल्यामुळे ती यंत्राभोवतीच घुटमळते. म्हणून थंडाव्याची सारी मदार पंख्यावर. म्हणजे जुने यंत्र निवविणे हा प्रश्न आमच्याच भूगोल विभागाला पडलेला नाही.

तर आता आमच्या यंत्राकडे. झाकण काढल्यावर पहिल्याने दिसली ती जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि एक दांडी ग्रामोफोनच्या सुईसारखी पुढेमागे होते. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते; म्हणजे हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. त्यात दांडी सरकण्याचा वेळ मिळवा. सेकंदात असे शंभरएक हेलपाटे झाले की तिचा दम संपतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. ती असले हेलपाटे हजारोंनी करते. म्हणून जुन्या यंत्रावर एकच खर्च करावयाचा असेल तर तो येथे करावा. प्रोसेसर बदलून जो फरक पडत नाही तो डिस्क बदलून पडतो, हे मी आता चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. यंत्रात सीडीचा खण असेल तर तो काढून तिथे चौकटीत दुसरी डिस्क बसविता येते. आम्ही जुनी फिरती डिस्क तिथे ठेवली, नकाशांच्या साठ्यासाठी.

मग मेमरी. या वर्गातल्या पुष्कळ यंत्रांत दोन खाचा तळाशी आणि दोन किबोर्डच्या पोटात असतात, हे ठाऊक नसल्यामुळे माणसे दोनच भरून थांबतात. चौथ्या पिढीपर्यंतच्या या यंत्रांत आठ जीबीच्या चार पट्ट्या, म्हणजे ३२ जीबीपर्यंत मजल जाते. पण एक मेख आहे. काही यंत्रांत चार गाभ्यांचा प्रोसेसर असेल तरच चारी खाचा जाग्या होतात, दोन गाभ्यांचा असेल तर दोनच. विकत घेण्यापूर्वी पुस्तिका वाचावी. पट्टीवरील मापही पाहावे. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, आणि जोर लावला तर मोडते.

उष्णतेचे प्रकरण जरा सावकाश सांगतो, कारण 'यंत्र म्हातारे झाले' असे आपण ज्याला म्हणतो ते अर्धेअधिक हेच असते. प्रोसेसर ४७ वॅटचा. नखाएवढ्या चकतीतून एवढी उष्णता निघते, ती तांब्याच्या नळ्यांनी कडेच्या पातळ पत्र्यांकडे नेली जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. वापरणाऱ्याला वाटते, संपले यंत्र. आम्ही पंखा काढला तेव्हा पत्र्यांच्या तोंडाशी धुळीचा नमद्यासारखा जाड थर होता. चिमटीत धरून अखंड ओढून काढला. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. त्याचे काम दोहोंतल्या सूक्ष्म खाचा भरण्याचे. दहा वर्षांत तो वाळून भुकटी झालेला. तो पुसून नवा लावला. वाटाण्याएवढा पुरतो, आमच्या विद्यार्थ्याने प्रथम भाकरीवर लोणी थापावे तसा थापला होता, तो पुन्हा पुसावा लागला. ९७ अंशांवर जाणारे यंत्र त्याच कामाला ८१ वर थांबले.

याच्या पुढची पायरी म्हणजे व्होल्टेज उतरविणे. कारखाना प्रत्येक प्रोसेसरला गरजेपेक्षा किंचित अधिक व्होल्टेज देतो, कारण सगळेच नग सारखे निपजत नाहीत. प्रोसेसर खातो ती शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शंभराचे पंच्याण्णव केले तर वर्गात ते साधारण नव्वद होतात. म्हणजे पाच टक्के उतरवून दहा टक्के उष्णता वाचते आणि वेग तोच राहतो. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. २०१३ च्या हॅसवेल पिढीत हे प्रणालीतूनच करता येते. थोडे थोडे उतरवीत जावयाचे. फार उतरविले तर यंत्र गोठते, मग एक पाऊल मागे. नव्या यंत्रांत मात्र हा दरवाजा बहुतेक बंद झाला. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले की, याच वाटेने व्होल्टेज डगमगवून प्रोसेसरच्या आतले गुपित फोडता येते. त्या हल्ल्याला 'प्लंडरव्होल्ट' असे नाव पडले. तो सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांना लागू होता. कंपन्यांनी दुरुस्ती म्हणून कुलूप घातले. चोरासाठी लावलेल्या कुलपाने घरधनीही बाहेर राहिला, अशातली गत.

दुसऱ्या यंत्राने आमची चांगलीच फजिती केली. डिस्क नवी, मेमरी पुरी, लेप ताजा, आणि तरी चालणे गोगलगायीचे. दोन दिवस आम्ही ते तीनदा खोलले. शेवटी लक्षात आले की दोष यंत्रात नव्हताच, चार्जरात होता. काही यंत्रांत चार्जरच्या पिनेच्या मध्यभागी टाचणीएवढी एक तार असते. तिच्यातून 'मी इतक्या वॅटचा' अशी ओळख दिली जाते. बाजारातून आणलेल्या स्वस्त चार्जरकडून ती ओळख पटत नव्हती, म्हणून प्रोसेसर आपल्या सर्वांत खालच्या चालीवर, ०.८ गिगाहर्ट्झवर, खिळून बसला होता. योग्य चार्जर लावताच धावू लागला. तेव्हा माझा सल्ला असा की, खोलण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. विद्यार्थ्याचे वडील हे ऐकून हसले. मोटार खोलण्याआधी ते फ्यूज बघतात म्हणे.

कुलपांचा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे, नाही तर मी जुन्या यंत्रांची भाटगिरी केली असे होईल. थिंकपॅडच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत वायफायचे कार्ड बदलले, आणि ते कंपनीच्या यादीतले नसले, तर यंत्र १८०२ हा आकडा दाखवून सुरू होण्यासच नकार देई. एचपीच्या काही यंत्रांतही अशी यादी होती. म्हणजे 'उघडा, पण आमच्याच दुकानातले बसवा' असा खाक्या. ग्राफिक्स कार्डाचेही असेच. माप एक असले तरी प्रत्येक कार्ड प्रत्येक यंत्रात चालतेच असे नाही. कधी तांब्याच्या पट्टीचे स्क्रू जुळत नाहीत, कधी यंत्राची मूळ प्रणाली कार्ड ओळखत नाही. शिवाय जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरांतून वगळण्यात आले आहे. नकाशाच्या कामाला आमचे निभावते, इतकेच. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नये, टोचू नये, काढून सुरक्षित ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. तिथे धाडस नको.

मग ही सुटी यंत्रे बंद का झाली? २००८ मध्ये ॲपलने पाकिटातून काढून दाखविलेला मॅकबुक एअर आणि २०११ पासून इंटेलने पुढे केलेली अल्ट्राबुकची कल्पना, यांनी पातळपणाला प्रतिष्ठा आली. जून २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मेमरी पाटीवरच डाखलेली होती. सॉकेटला उंची लागते, खाचेला उंची लागते, स्क्रूला उंची लागते. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत सॉकेटात बसणारी हॅसवेल ही शेवटची पिढी. २०१५ मध्ये सहाव्या पिढीची वर्कस्टेशने आली, डेलचे ७५१०, थिंकपॅडचे पी५०, एचपीचे झेडबुकचे तिसरे रूप. त्या सर्वांत प्रोसेसर पाटीला डाखलेला. मेमरी आणि डिस्क सुट्या राहिल्या. डाखण्यात फायदा नाही असे नाही. जोड पक्का होतो, तारा आखूड होतात, वीज कमी लागते. पण बिघाड झाला तर पाटीसकट सगळेच जाते, आणि तो खर्च पहिल्या मालकाला हमीमुळे जाणवत नाही. जाणवतो तो दुसऱ्याला, तिसऱ्याला. आपल्याकडे लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला जाऊन यंत्र घेणारा हा बहुधा दुसरा-तिसराच असतो. आरेखन करताना त्याला कोणी विचारीत नाही.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २०२२ मध्ये डेलने प्रिसिजनमध्ये मेमरीची एक नवी चपटी, स्क्रूने बसणारी पाटी आणली. डिसेंबर २०२३ मध्ये ते माप उद्योगाचे सामाईक माप झाले, आणि २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये त्याच जातीची मेमरी बसली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर शेतीची अवजारेही होती. शेतकरी श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्रॅक्टरच्या बाबतीत हाच वाद परदेशात चालू आहे.

आमची चारांपैकी तीन यंत्रे आज चालू आहेत, लिनक्सवर, आणि क्यूजीआयएस हे नकाशाचे मोफत सॉफ्टवेअर त्यांवर बिनतक्रार चालते. चौथ्याची पाटी गेलेली निघाली. त्याचा पंखा, पडदा आणि मेमरी आता बाकीच्या तिघांसाठी डब्यात जपून ठेवली आहे. फाइलीवरचा शेरा एकापुरता कायम झाला. तिसऱ्या यंत्राला एक खोड होती: कालपरवापर्यंत ते दर वेळी सुरू होताना स्वतःला जुन्याच सालात समजे, आणि तारीख चुकीची म्हणून संकेतस्थळे त्याला दारात उभे करीत नसत. त्याच्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी बदलावयाची होती. ती आमच्या विद्यार्थ्याने बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडून आणून बसविली.